खुर्चीवरचा फोटो

भगवंतराव गावंडे यांच्याइतका हट्टी माणूस अख्ख्या जठारपेठेत नव्हता. मी या काकांच्याच हाताखाली फोटोग्राफी शिकलो, त्यामुळे हे बोलायचा मला हक्क आहे. आज माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. माझा कॅमेरा आपणहून चेहरा शोधतो, उजेड मोजतो, फोकस करतो. काकांच्या मते म्हणूनच मी फोटोग्राफर नव्हतो.

"तू बटन दाबणारा हायेस, शाम्या," ते म्हणायचे. "फोटो तं तुहं मशीन काढते."

फिल्मचे रोल मिळेनासे झाले तेव्हा त्यांनी नाइलाजाने डिजिटल कॅमेरा घेतला आणि पहिल्याच दिवशी लेन्सवरच्या ऑटोफोकसच्या बटणावर काळी चिकटपट्टी डकवली. फोटो कसा आला हे मागच्या पडद्यावर ते कधीच बघायचे नाहीत. ती म्हणे परीक्षेतली कॉपी. उन्हात तळहात धरून उजेड ठरवायचा, मग लेन्सची कडी हाताने फिरवत फोकस आणायचा, तोही नेमका समोरच्याच्या डोळ्यावर. आणि राग याचाच येतो की त्यांचं क्वचितच चुकायचं.

त्यांची एक रीत होती. लग्नात नवरा-नवरीचे फोटो झाले की मांडवाच्या कडेला खुर्ची मांडायची आणि घरातल्या एकेका म्हाताऱ्याला एकट्याने तिच्यावर बसवायचं. हा फोटो अल्बममध्ये जात नसे. नाव-गाव लिहून तो पत्र्याच्या पेटीत पडायचा. वर्षा-दोन वर्षांनी त्या घरचं कोणी तेरवीसाठी फोटो शोधत आलं की पेटी उघडायची. इतर लोक गर्दीतला अर्धामुर्धा चेहरा कापून मोठा करतात आणि त्यालाच हार घालतात. काकांच्या गिऱ्हाइकांवर ती वेळ आली नाही.

हळूहळू म्हाताऱ्यांना हे उमगलं. शेजारचे खुशालराव तर खुर्ची दिसली की चपला शोधायला लागायचे. "भगवंता, आंधी माणिकबाईले बसव. मले अजून लय कामं हायेत." माणिकबाई त्यांची भावजय, त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान! पण शेवटी टोपी सारखी करून तेही बसले.

बसल्या नाहीत त्या फक्त सिंधूकाकू, काकांच्या पत्नी. मूलबाळ नव्हतं. चाळीस वर्षं त्या काकांबरोबर लग्नांना गेल्या, फ्लॅशच्या दिव्याची छत्री धरून उभ्या राहिल्या, नवरदेवांचे फेटे आणि नवरींचे पदर नीट केले. कॅमेऱ्यासमोर कधी आल्या नाहीत. घरात त्यांचा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा. तो कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी काकूंच्या पोटात गाठ निघाली. अमरावतीच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि त्याच वर्षी काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ते कबूल करत नव्हते. पण मी त्यांना कपाबाहेर चहा ओतताना पाहिलं होतं.

"काका, पंधरा मिनिटांचं ऑपरेशन आहे," मी म्हणालो.

"आंधी तिचं होऊ दे."

कारण खरं होतं, पण अर्धंच. फोटोवाल्याचे डोळे गेले हे गावाला कळू द्यायचं नव्हतं. मी चिडलो, ते माझ्याहून जास्त चिडले.

पुढच्या उन्हाळ्यात अमरावतीच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. घरी आल्यावर काकू आपणहूनच म्हणाल्या, "आता माही खुर्ची मांडा." काकांनी आठ दिवस टाळलं. फोटो काढला म्हणजे मान्य केलं, असं त्यांना वाटत असणार. नवव्या दिवशी त्यांनी वेताची खुर्ची ओसरीवर आणली.

मी तिथेच होतो. "काका, यावेळेपुरती ती चिकटपट्टी काढा. ऑटोवर ठेवा."

"लोकाइचे सारे म्या हातानं काढले. आता माही बायको मशीनच्या हाती देऊ?"

काकू हसल्या. त्या वाळून निम्म्या झाल्या होत्या, पण हसणं तेच होतं. काकांनी तळहात उजेडात धरला. मग कडी फिरवू लागले. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. खूप वेळ. मग एकदाच बटण दाबलं आणि म्हणाले, "झालं."

प्रिंट माझ्याकडे काढायची होती. पडद्यावर मी फोटो मोठा केला. खुर्चीच्या पाठीचा वेत मोजता येईल इतका लख्ख. त्याच्यापुढे काकूंचा चेहरा मात्र वाफेआडून दिसावा तसा. फोकस वीतभर मागे गेला होता.

दुसऱ्या दिवशी काकूच रिक्षाने स्टुडिओत आल्या. दोन पायऱ्या चढायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. प्रिंट हातात घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"काकू, बसा. आत्ताच दुसरा काढतो," मी म्हणालो. माझा कॅमेरा टेबलावरच होता.

"नको बापा. दुसरा पायला का त्याईले समजन. डोये गेले हे त्याईले माह्या फोटोवरून समजाव का?" त्यांनी प्रिंट पिशवीत घातली. "लय गोड आला म्हणून सांगीन मी. तू खरं सांगू नको."

मी ऐकलं. याचा मला अजून स्वतःवर संताप येतो. जन्मभर बटण दाबणारा म्हणून हिणवला गेलो, आणि बटण दाबायची खरी वेळ आली तेव्हा हात बांधून उभा राहिलो.

एकोणीस दिवसांनी काकू गेल्या. तेरवीला हार घातलेल्या फोटोखाली बसून काका येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, "कसा आला?" खुशालरावांनी चष्मा पुसला, फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "जशीच्या तशी." सगळी जठारपेठ त्या दिवशी खोटं बोलली.

मग काका म्हणाले, "आता करतो ऑपरेशन. तिले नीट पाहाचं हाय." मीच महिनोन्‌महिने मागे लागलो होतो, आता मीच टाळाटाळ करू लागलो. ते ऐकणार थोडेच.

यंदा फेब्रुवारीत ऑपरेशनं झाली. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा मी बरोबर होतो. रिक्षातून येताना काका रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते.

घरी येताच ते सरळ फोटोसमोर गेले. हार बाजूला सारला. जवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले.

"खुर्ची चांगली आली," ते म्हणाले.

मी वाकडा झालेला हार सरळ करू लागलो.

"तिनं पायला होता?"

"हो."

"काय म्हणली?"

"तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

ते भिंतीला धरून खाली बसले. "शेवटचं वर्षभर मले ती धुरकटच दिसून राहिली होती, शाम्या. म्हणलं, फोटो तं हाय. डोये आले का फोटोत पाहीन."

मग ते उठले, वेताची खुर्ची ओसरीवर ओढून आणली आणि तिच्यावर बसले.

"तुहा कॅमेरा आण. ऑटोवर ठेव."

"काका, आज नको."

"आण म्हणतो ना. माह्या टायमाले कोणाले खोटं बोला लागू नये."

मी कॅमेरा आणला. मशीनला चेहरा लगेच सापडला, त्याच्याभोवती हिरवा चौकोन आला. मी बटण दाबलं.