मामांचा थर

कोल्हापुरात मी पैलवान पुष्कळ पाहिले, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूपुढे जन्मभर शड्डू ठोकून उभा राहिलेला माणूस एकच पाहिला. आमच्या सौभाग्यवतीचे मामा! अंगकाठी अशी, की गगनबावड्याच्या वाऱ्यात उभं करायची भीती वाटावी. नोकरी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत झाली. निवृत्तीनंतर लोक देवळं फिरतात, मामा काडी फिरवू लागले. टोकाला कापूस असलेल्या निर्जंतुक काड्या त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम, पेनाच्या जागी. ताट, वाटी, पोळपाट, जिथं म्हणून अन्न टेकतं तिथं काडी फिरलीच पाहिजे. एका लग्नात त्यांनी पांढऱ्या रश्श्याच्या पळीवरून काडी फिरवली, तेव्हा वाढपी वैतागला. "पावणं, रस्सा वाढू का नुसती पळीच तपासनार हाय?" मामा म्हणाले, "दोन्ही." आणि तीन वाट्या रस्सा प्याले.

काडी घरी आली की काचेच्या बशीत खरवसासारख्या थिजवलेल्या, जंतूंना वाढवणाऱ्या खाद्यावर ती हलकेच फिरवायची आणि बशी बल्बची ऊब दिलेल्या पेटीत ठेवायची. दोन दिवसांनी तिथं ठिपके उमटतात. एकेक ठिपका म्हणजे जंतूंची अख्खी वस्ती. आमच्या पोळपाटाची बशी त्यांनी कौतुकानं आणून दाखवली. "बघ पोरी, काय भरभराट आहे तुझ्या घरात!" सौभाग्यवती आठवडाभर मामांशी बोलली नाही, पोळपाट मात्र त्याच दिवशी बाहेर गेला. मामींनी तर फ्रीजच्या कप्प्यांवर चिठ्ठ्याच चिकटवल्या होत्या, एकीवर 'खायचं' आणि दुसरीवर 'ह्यांचं'.

पण त्यांचा खरा ध्यास होता तो थराचा. तांब्याचे आणि चांदीचे बारीक कण घालून केलेला, स्टीलवर चढवून भट्टीत भाजलेला थर, ज्याच्यावर टेकलेला जंतू मरतो. किती वर्षं, किती पत्रे वाया गेले, मामींनाच ठाऊक. शेवटी एकदा त्यांनी माझ्यासमोर दोन बशा ठेवल्या. साध्या पत्र्यावरून फिरवलेल्या काडीची बशी ठिपक्यांनी गच्च भरलेली आणि थराच्या पत्र्यावरची स्वच्छ, कोरी. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला माझ्या. समोर लेंगा-सदऱ्यातला हा किडकिडीत म्हातारा, आणि त्यानं हे केलं!

गडमुडशिंगीच्या एक मावशी म्हशी राखून खवा करायच्या आणि जोतिबावरच्या एका पेढेवाल्याला द्यायच्या. दोनदा खव्याला बुरशी आली, दोनदा तो परत आला. पुन्हा आला तर घेणं बंद, असं पेढेवाल्यानं बजावलं. मावशींचं घर त्या खव्यावर चालायचं. त्या रडत मामांकडे आल्या. थरातलं काही अन्नात उतरत नाही, याची खात्री मामांनी आधीच वर्षभर घासून-तपासून केली होती. त्यांनी खवा गार करायच्या टेबलाचा पत्राच काढून आणला आणि त्यावर थर चढवून दिला. महिनाभर खवा उत्तम टिकला. मग एके दिवशी मावशींचा फोन आला. खवा परत आला होता.

मी स्कूटरवरून मामांना घेऊन गेलो. टेबलाच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल, आणि पत्र्यावर सायीसारखा चिकट पापुद्रा!

"मावशी, हे घासत नाही का?" मामांनी विचारलं.

"घासायचं कशाला वो? तुमचं औषध हाय की त्येच्यावर! घासलं तर जाईल न्हवं? रोज पूजा करतो आमी त्येची."

आता मामा भडकणार, असं मला वाटलं. पण त्यांनी नखानं पापुद्र्याचा कोपरा उचलून पाहिला. पापुद्र्याच्या वर जंतू सुखात होते, खालचा थर त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. "चूक माझी," ते म्हणाले. "थर काय करतो ते सांगितलं, काय करत नाही ते सांगितलंच नाही."

मग त्यांनी पॉलिशपेपर मागवला आणि आपला थर आपल्या हातांनी खरवडायला बसले. "अहो मामा, नुसतं समजावून सांगा की," मी कळवळून म्हणालो. ते म्हणाले, "ज्याच्या भरवशावर माणूस घासणी खाली ठेवतो, ते इथं नको." पत्रा कोरा झाल्यावर गरम पाणी आणि घासणी घेऊन तो कसा घासायचा, हे त्यांनी मावशींना करून दाखवलं. तसेच स्कूटरवर बसून आम्ही जोतिबावर गेलो. पेढेवाल्यापुढे हात जोडून मामा म्हणाले, "खोट माझ्या कामाची आहे, बाईंच्या खव्याची नाही. एकदा घेऊन बघा." पेढेवाला त्यांच्या काळ्या पडलेल्या बोटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरं, पाठवा म्हणावं."

खवा अजून जातो. मामांची नजर मात्र आता गेलीय. ठिपके मी मोजतो. परवा मावशींच्या टेबलाची बशी होती.

"किती रे?"

"दोन, मामा."

"दोनच? नीट बघ."

"दोनच."

माझ्या हातातून बशी घेऊन ते बराच वेळ बोटांनी चाचपत राहिले. मग खुदकन हसले. "घासतायत म्हणजे," ते म्हणाले. त्या साध्या कोऱ्या टेबलाची ती बशी मामींनी ठेवायला मागितली, तर त्यांनी ती हातातून सोडली नाही.