बॅटरीवरचे चार दिवे: नांदेड ते लातूर

मनमाडला गाडीत चढताना माझ्याकडे सात नग होते. दोन पेट्या, प्रत्येकी चौदा किलो. वायरींची पिशवी. हत्यारांचा डबा. कपड्यांची बॅग, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली. पेट्यांवर मी लाल रंगाने १ आणि २ लिहिलं होतं आणि प्रत्येक मोठ्या स्टेशनावर सातही नग मोजत होते. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी परभणीपर्यंत दम धरला. मग विचारलं, "ताई, या पेट्यांत हाय तरी काय?"

"वीज," मी म्हटलं.

"मग नांदेडात तुम्हाला लई मान हाय. आमच्याकडं आठ-आठ तास नसती."

ते चेष्टेत बोलले, पण मी त्यासाठीच निघाले होते. नाशिकला माझा आणि माझ्या भावाचा इन्व्हर्टर बनवण्याचा छोटा कारखाना आहे. फोटो स्टुडिओतले मोठे फ्लॅश आपण लग्नात, शाळेत पाहतो. तो दिवा आधी विजेचा मोठा घोट घेतो, पोटात साठवतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळा सोडून देतो. घरगुती इन्व्हर्टरची खडबडीत वीज त्याला मानवत नाही, तो जळतो. भाड्याच्या जनरेटरला तो घोट झेपत नाही, तो गुदमरतो. आम्ही दोन वर्षं खपून फक्त या दिव्यांसाठी पेटी बनवली होती. एका चार्जिंगवर दोन दिवे, दोनशे वेळा. कारखान्यात तिची सगळी परीक्षा झाली होती. कारखान्याबाहेर मात्र ती प्रथमच निघाली होती आणि बावन्नाव्या वर्षी मला शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं.

नांदेडला दुपारी उतरले. नग सात. रिक्षा जुन्या गावात शिरली तशा गल्ल्या अरुंद होत गेल्या. अत्तराची दुकानं, पितळी भांडी, पगड्यांच्या कापडाचे रंगीत गठ्ठे, आणि कोपऱ्यावर आपांचा स्टुडिओ. आपा म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या, सडपातळ, गळ्यात कायम कॅमेरा. स्टुडिओ त्यांच्या आजोबांचा. खालचा मजला सगळ्यांसाठी, वरचा फक्त बायकांसाठी. वर फोटो काढणाऱ्याही बायकाच. फोटोग्राफरांच्या एका मासिकात आमची जाहिरात वाचून त्यांनी फोन केला होता.

"आधी खाना," आपा म्हणाल्या. "मशीन कुठं पळून चालली?"

ताटात तहारी (मटण घालून शिजवलेला पिवळा मसालेभात) आणि आंबट चटणी. दुसऱ्यांदा वाढून घेताना मी कामाचं विचारलं आणि आपांनी सरळच सांगितलं.

लातूरला एका मोठ्या क्लासचं काम त्या सहा वर्षांपासून करत होत्या. बारावीच्या पोरांना निरोप देण्याआधी सगळ्यांचा एक मोठा फोटो निघतो. तो क्लासच्या माहितीपुस्तकात छापून गावोगाव जातो. तो पाहून आईबाप पोरं पाठवतात. "गेल्या साली ऐन टायमाला लाईट गेली. जनरेटर लावला. चारातले दोनच दिवे पेटले. डाव्या बाजूची शंभर पोरं काळी. सरांनी छापलाच न्हाई."

"आणि यंदा?"

"यंदा बोलावलंय. पण साफ सांगितलं, आपा, ह्या बारीला चुकलं तर पुण्याचा माणूस." त्यांनी वरच्या मजल्याकडे बोट केलं. "त्याच क्लासच्या ओळखपत्रांवर वरच्या तिघीजणींची वर्षाची रोजी हाय. एक फोटो गेला की सगळंच गेलं."

फोटो उद्या संध्याकाळी होता. मी जेवण संपवलं आणि वहीत उद्याच्या वेळा मांडल्या.

तासाभरात चाचणी सुरू केली. साठ फ्लॅश सुरळीत झाले. एकसष्टाव्याला पेटी क्रमांक १ मेली. मी वायर तपासत मागे गेले, तर वरच्या तिघींपैकी एकीने पडद्याच्या सुरकुत्या काढायला पेटीच्या रिकाम्या सॉकेटमध्ये इस्त्रीची पिन खोचली होती. फ्यूज उडाला होता. मी डब्यातून नवा काढला.

आपांनी डब्यात डोकावून पाहिलं. "सहा-सहा कशापायी आणले?"

"पाच उडतील असं धरून."

आपा मोठ्याने हसल्या आणि इस्त्रीवालीला म्हणाल्या, "चल, बाईंचा एक खर्ची पडला. आता चारच चुका करायच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूरावांची जीप आली. बापूराव लोह्याकडचे शेतकरी. स्वतःची जमीन कसतात आणि उरल्या दिवसांत जीप चालवतात. पेटी उचलताना म्हणाले, "ट्रॅक्टरच्या बॅटरीपेक्षा जड हाय की. आपा, फोटो काढायलोत का पाया भरायलोत?"

गोदावरीचा पूल मागे पडला आणि काळी रानं सुरू झाली. ज्वारी कंबरेच्या वर, मध्येच हरभऱ्याचे हिरवे तुकडे. लोह्याच्या अलीकडे बापूरावांनी न विचारता जीप थांबवली, ओळखीच्या रानात शिरले आणि ढाळे (हरभऱ्याचे घाट्यांनी लगडलेले डहाळे) घेऊन आले. अहमदपूरपर्यंत आम्ही तिघंही घाटे सोलत होतो. रस्ता बालाघाटाच्या डोंगरात चढतो तिथे वारा गार झाला. अहमदपूरला एका हॉटेलात धपाटे आणि दही खाल्लं. ज्वारीच्या पिठाच्या त्या खमंग चकत्या मी चार खाल्ल्या, हे लिहून ठेवते, कारण नाशिकला कोणाचा विश्वास बसणार नाही.

लातूर मला जाहिरातींवरूनच कळलं. शहर सुरू व्हायच्या आधीच फलक सुरू झाले. प्रत्येकावर चष्मेवाली मुलं, नावाखाली टक्के. चौकाचौकात खानावळी, झेरॉक्स, आणि सायकलींवरून एकाच दिशेने जाणारी पोरं. इथल्या दर दुसऱ्या घरात भाड्याची खोली आणि खोलीत बारावीचं पोर, असं बापूराव म्हणाले. माझी मान सारखी खिडकीबाहेर.

क्लासची इमारत चार मजली. तळमजल्यावर नवा हॉल, समोर मोठं मैदान. क्लासचे सर दारातच उभे होते. पांढरा सफारी, हातात घड्याळ काढून धरलेलं.

"आपा, सहाला पालकांच्या गाड्या निघतात. साडेपाचला फोटो झाला पाहिजे."

"व्हतो सर."

"गेल्या वर्षीसारखा नको."

आपांनी जीपमधून आपले दिवे उतरवायला घेतले.

हॉलच्या एका टोकाला पायऱ्यापायऱ्यांनी बाकं मांडून त्यांवर साडेचारशे मुलं बसणार होती. त्यांच्या मागच्या भिंतीवर क्लासचं नाव, थर्माकोलच्या सोनेरी अक्षरांत. दुसऱ्या टोकाला लाकडी फळ्यांचं स्टेज. कॅमेरा आणि चारही दिवे स्टेजवर, पेट्या दिव्यांच्या पायथ्याशी. पाच वाजता सगळं जोडून झालं. मुलं येऊन बसली. पंख्यांचा, बोलण्याचा एवढा गलका होता की आपांना खुणांनीच बोलावं लागत होतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.

पंखे थांबत गेले. मुलंही आपोआप गप्प झाली. सरांनी कपाळाला हात लावला. मी मात्र खरं सांगते, मनातून हरखले होते. याच क्षणासाठी दोन वर्षं खपले होते. मी सरांना म्हटलं, "आता बघा," आणि दोन्ही पेट्यांची बटणं एकदम दाबली. चारही दिवे पहिला घोट घेऊ लागले.

स्टेजच्या पोकळ फळ्यांखालून आवाज उठला. घुर्रर्र. कारखान्यातल्या सिमेंटवर आणि आपांच्या फरशीवर जो कानांपर्यंत पोचलाही नव्हता, तो पेटीचा थरथराट फळ्यांनी दसपट केला. पोटातून आल्यासारखा, खोल, लांबत जाणारा.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. तिने शेजारणीचा हात धरला आणि दोघी बाकांवरून खाली उतरून दाराकडे चालू लागल्या. मग चाळीस-पन्नास मुलं उठली. मग सगळीच. कोणी पळालं नाही. कोणी ओरडलं नाही. कोणी कोणाला ढकललं नाही. पुढची पोरं दाराची दोन्ही कवाडं भिंतीला टेकवून धरून उभी राहिली. दोन मिनिटांत हॉल रिकामा झाला. आपासुद्धा कॅमेरा छातीशी धरून केव्हाच बाहेर पडल्या होत्या.

स्टेजवर मी एकटी उरले. चारही दिव्यांनी तयार असल्याची बारीक शिट्टी दिली. समोर चारशे-साडेचारशे रिकाम्या जागा.

मी बाहेर धावले. मुलं मैदानाच्या मधोमध, इमारतीपासून आणि खांबांपासून लांब, गटागटाने उभी होती आणि एकमेकांना मोजत होती. सगळ्यांत आधी उठलेली मुलगी मला दिसली. मी तिला विचारलं, "काय झालं?"

तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "जमिनीतून आवाज आला न्हाई का?"

"आला. पण—"

"आमच्या गावात आवाज आला की आधी भाईर. मग इचारायचं काय हाय ते."

तिचं गाव औशाच्या पलीकडे. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव गेलं, नवं वसवलेलं. तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्यानंतरही कित्येक वर्षं जमीन अधूनमधून अशीच गुरगुरायची, ती म्हणाली. घरात पाहुणा आला तर त्याला आधी पाणी देतात आणि मग दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवतात. वर्गातली शे-सव्वाशे मुलं त्याच पट्ट्यातली. बाकीची त्यांच्याबरोबर दोन वर्षं राहून शिकली होती.

मी म्हटलं, "बाळ, तो आवाज माझ्या पेटीचा होता. माझी चूक."

ती रागावली नाही. म्हणाली, "दाखवा."

बापूराव आणि मी पेटी क्रमांक २ बाहेर आणली. मातीवर ठेवून चालू केली तर जवळ वाकल्यावरच काहीतरी ऐकू येत होतं. मग मी ती परत स्टेजच्या फळ्यांवर ठेवली आणि मुलीला दारातूनच ऐकवली. घुर्रर्र. मुलीने दोनदा लावायला लावली. मग मागे वळून ओरडली, "मशीन हाय रे. बाईंची हाय." मैदानभर हसू पसरलं. एक पोरगा म्हणाला, "बाई, पुढच्या टायमाला मशीनला पण शिस्त शिकवा."

सर मात्र हसले नाहीत. "आपा, पावणेसहा होत आले. चला, सगळे आत."

मुलं जागची हलली नाहीत. हट्ट नव्हता, पण आत्ताच जिथून बाहेर पडलो त्या स्लॅबखाली परत जायला पाय उचलत नव्हते. सरांच्या हातातलं घड्याळ मला स्पष्ट दिसत होतं. आपांचा चेहराही.

"सर," आपा म्हणाल्या, "इथंच घेते."

"इथं? मागं माझ्या क्लासचं नाव दिसायला पाहिजे. आतली अक्षरं कशी आणणार?"

आपांनी इमारतीकडे बोट केलं. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर क्लासचं नाव पुरुषभर उंचीच्या अक्षरांत होतं. रोज संध्याकाळी त्यावर दिवे लागायचे. आज लाईट नसल्याने ते राखाडी पडलं होतं.

"अंधारात हाय ते," सर म्हणाले.

आपांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमचा एक दिवा तिथवर जाईल का?"

"कुठंही जाईल," मी म्हटलं. "त्याला भिंतीतला प्लग लागतच नाही."

मग जे झालं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. क्लासच्या शिपायांनी वीस बाकं बाहेर आणली. तीन दिवे एका पेटीला जड, म्हणून पेटी १ चे दोन दिवे समोर, पेटी २ चा एक बाजूला, आणि पेटी २ चाच चौथा दिवा लांब वायरीने मागे, बाकांआड, वर त्या नावाकडे तोंड करून. बापूरावांनी जीप आणून उभी केली. आपांनी ओढणी कमरेला बांधली आणि शिडीवरून चढावं तशा टपावर चढल्या.

"मेरे बच्चो," त्या वरून म्हणाल्या, "सगळ्यांनी डोळे मिटा. मी तीन म्हटलं की उघडा. ज्याचे मिटलेले दिसतील त्याचं लगीन आधी लावीन."

एक, दोन, तीन. चारही दिवे एकदम. मैदान, चेहरे आणि वरचं नाव क्षणभर दुपारसारखं लख्ख झालं. मुलांच्या तोंडून "हाऽऽ" असा आवाज निघाला. आपांनी अकरा वेळा घेतला. अकराही वेळा चारही दिवे पेटले. मी बोटांवर मोजत होते आणि शेवटच्याला बोटं संपली.

सरांनी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बराच वेळ पाहिलं. आधी नाव पाहिलं. मग डावी बाजू. मग घड्याळ मनगटावर बांधलं. "आपा, ओळखपत्रांचं जूनमध्ये सुरू करायचं. यंदा हजार मुलं असतील."

आपांनी जीपमागे जाऊन वरच्या तिघींना फोन लावला.

परतीच्या गाडीत मी एका कागदावर पेटीतले बदल लिहिले. आतल्या ट्रान्सफॉर्मरखाली रबराच्या गाद्या. पंखा सावकाश फिरणारा. दिवे एकदम नव्हे, एकेक करून भरायचे. आम्ही पेटी उन्हात तापवली होती, उंचावरून पाडली होती, दोनशे वेळा पेटवली होती. ती कोणाच्या कानाला कशी वाटेल, हा प्रश्न नाशिकच्या सिमेंटवर उभं राहून कधी सुचलाच नसता. भाऊ कागद वाचून म्हणाला, एवढ्याशा आवाजासाठी? मी त्याला त्या मुलीचं सगळं सांगितलं. त्याने दुसऱ्याच दिवशी लाकडी फळ्यांचा एक पोकळ ओटा करून घेतला. आता आमची प्रत्येक पेटी आधी त्या ओट्यावर चालवून पाहतो.

महिन्याने आपांनी छापलेलं माहितीपुस्तक पाठवलं. मधल्या दोन पानांवर तो फोटो. नाव झळकतंय, साडेचारशे चेहरे स्वच्छ, डोळे उघडे. मी भिंग घेऊन बसले. पुढच्या रांगेत मांडी घातलेल्या मुलांचे तळवे दिसतात, सगळे अनवाणी. आणि मागे, हॉलच्या उघड्या दाराबाहेर, आमच्या चौथ्या दिव्याच्या कडेच्या उजेडात, ओळीने काढून ठेवलेल्या चपला. साडेचारशे जोड. त्या ओलांडून मुलं बाहेर आली होती आणि एकही जण पायात घालायला थांबला नव्हता.