व्याह्यांचं भिंग

जगात एकही वस्तू अस्सल नाही असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि नशीब बघा, तो नेमका माझ्या लेकीचा सासरा निघाला! जन्म पुण्यातल्या छापखान्यात गेलेला, खिशात कायम भिंग. लग्नात आम्ही मानाची चांदीची वाटी दिली, ती यांनी मांडवातच भिंगाखाली धरली. मी हसले, पण विसरले नाही हो!

युरोच्या नोटा नव्यानव्या आल्या, त्या उन्हाळ्यात व्याही आणि मी, दोघंही जर्मनीत डार्मश्टाटला मुलांकडे होतो. बेकरीतून नोट परत मिळाली की व्याही तिच्याकडे भिंगातून बघायचे आणि बेकरीवाली यांच्याकडे. जावयाच्या मीटफरट्रागवरचा, म्हणजे घराच्या भाडेकरारावरचा, शिक्काही त्यांना खोटा वाटला. माझी थालीपिठाची भाजणी चिमटीत धरून म्हणाले, "विकतची दिसतेय, विहीणबाई." नात वैतागून आजोबांवर जर्मनमध्ये ओरडायची, "ओपा, नाइन!"

दर शनिवारी ते मला जुन्या बाजारात न्यायचे. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांचे शिळाछापाचे चेहरे, हा त्यांचा जीव की प्राण. "दगडावर तेलकट खडूनं चेहरा काढायचा, दगड ओला करायचा. शाई खडूला धरते, पाण्याला नाही. भिंगातून खडूचे कण वाळूसारखे विस्कटलेले दिसले तर अस्सल. ठिपके ओळीत उभे दिसले, की आमच्यासारख्या छापखान्यातली नक्कल!" असं सांगायचे, सगळं नक्कल ठरवायचे आणि रिकाम्या हातानं परत.

त्यांच्या एकसष्टीला मी एकटीच बाजारात गेले आणि "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "बरोबर, बरोबर", एवढंच जर्मन म्हणत एक चित्र घेऊन आले. झालरीच्या टोपीतली बाई, नजर जराशी रागीट. लेक घाबरलीच. "आई, अगं चारचौघांत खोटं म्हणाले तर?" मलाही ती मांडवातली वाटी आठवली.

त्यांनी भिंग काढलं. पाहिलं. पुन्हा पाहिलं. चहा गार झाला. मग भिंग खिशात ठेवून म्हणाले, "विहीणबाई, अस्सल आहे. दगडावरचंच." माझी मान जी ताठ झाली, ती मुंबईला उतरेपर्यंत!

व्याही आता नाहीत. लेकीनं ते चित्र आणि भिंग माझ्याकडे पाठवलं. परवा चित्र पुसताना सहज भिंग टेकवलं, तर बाईच्या गालावर ठिपके कसे, शाळेतल्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे ओळीत.

भिंग पुसून पुन्हा बघितलं, तरी ओळीतच. मग चित्र पुन्हा भिंतीवर लावलं. कुणी विचारलं तर सांगते, अस्सल आहे, आमच्या व्याह्यांनी स्वतः पाहिलंय.