निजलंय

सोनवणे सरांनी नळीवर स्वतःचं नाव कधी लिहिलं नाही. आमच्या कॉलेजात ते सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे, मी त्यांच्या प्रयोगशाळेतला शिपाई. रविवारी स्कूटरवर कुठली तरी माती आणायची, तिच्यातले जिवाणू काचेच्या नळीत वाढवायचे, चिठ्ठीवर गावाचं नाव लिहायचं. ज्या जिवाणूनं रोगाचा एकही जंतू मरत नसे, त्याच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनं आणखी एक शब्द असे: 'निजलंय'.

"सर, ह्या बिनकामाच्या. फेकू का?" मी एकदा विचारलं.

"येडा हाय का बे? गप बसलंय म्हंजी त्याला काई येतच न्हाई का? औषध कसं करायचं ते त्याच्या पोटात लिवलेलं आसंल. आज ना उद्या कुणीतरी वाचील."

गेवराईजवळच्या नदीकाठची असली एक नळी त्यांनी शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेला पाठवली, तेव्हा तिथले लोक हसले असतील असं मला वाटलं होतं.

तेव्हा जिकडेतिकडे कॉम्प्युटरचं खूळ होतं. प्राचार्यांना त्यासाठी आमचीच खोली हवी होती. सर आईच्या आजारपणात आपल्या गावी, युसूफ वडगावला गेले आणि या गृहस्थानं डाव साधला. फ्रिज उघडून चिठ्ठ्या वाचल्या, वर दात काढले. "निजलंय? मग कायमचं निजवा!" आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. नळ्या वाफेच्या मोठ्या कुकरात घालून उकडल्या मी. सगळ्या.

सर परतले ते पत्र नाचवतच. शहरात त्या जिवाणूची सगळी जनुकं ओळीनं वाचून कॉम्प्युटरवर तपासली होती. नव्याच औषधाची जनुकं त्यात सापडली होती! पण त्यांच्या नळीत बुरशी शिरली होती, ताजी पाठवा म्हणत होते. सरांनी फ्रिज उघडला. आत पाहुण्यांसाठी थंड्याच्या बाटल्या.

ते तडक प्राचार्यांच्या खोलीत शिरले. "मेलेल्याच होत्या की त्या," प्राचार्य म्हणाले.

"कॉम्प्युटर कशाला आणता सायेब? तुमाला चिठ्ठी वाचता येत न्हाई!" सरांचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी मला मागे बसवून ते गेवराईला गेले. माती आणलेल्या जागी वाळूवाल्यांनी पुरुषभर खड्डा केला होता. मेल्यांनी काठच खाल्ला होता! सर खड्ड्याच्या कडेला बसले. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "त्याला न्हाई कळलं. तुला तर ठावं व्हतं ना बे, निजलंय म्हंजी काय?"

ठाऊक होतं, सर. नोकरी जाईल म्हणून उकडल्या.