इतिहासाची तीन कपाटं

जिथे बोलायला मनाई असते, तिथेच किस्से जास्त साठतात. मी बडोद्याच्या एका लायब्ररीत बायकांच्या विभागात होते, महाराजांच्या अमदानीत. दिवसभर ओठ मिटून बसायचं आणि कानावर पडेल ते घरी घेऊन जायचं, अशी ती नोकरी.

तेव्हा संस्थानात गावोगाव वाचनालयं निघत होती. आम्हाला हुकूम आला की इतिहासाची चांगली पुस्तकं निवडून तीन कपाटांत लावा. एक अभ्यासकांचं, एक सामान्य वाचकांचं, एक मुलांचं. ती पाहून बाकीची गावं पुस्तकं मागवणार होती. काम पडलं आमचे ग्रंथपाल तात्यासाहेब आणि मी, अशा दोघांवर. चुकीचं पुस्तक निवडलं तर ते संस्थानभर जाणार, या काळजीने तात्यासाहेबांचं जेवण कमी झालं होतं.

*

शहरातल्या एका विद्वान गृहस्थांनी इतिहासाचा ग्रंथ लिहिला होता. पानावर वर चार ओळी मजकूर, बाकी सगळ्या टिपा. तो सामान्य वाचकांच्या कपाटात लागावा, असा त्यांचा हट्ट. "लोकांसाठीच लिहिलाय," असं ते रोज येऊन सांगत. तात्यासाहेबांना हो म्हणवत नव्हतं आणि नाही म्हणण्याचा धीर होत नव्हता.

एका दुपारी त्या विद्वानांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "कमळाबाई, यांचं पुस्तक अभ्यासकांतच लावा."

"का हो?"

"प्रुफं वाचायला सामान्य वाचक म्हणून यांनी मलाच बसवलं होतं."

मी हे तात्यासाहेबांना सांगितलं. त्यांनी उठून पुस्तक स्वतःच्या हाताने अभ्यासकांत लावलं आणि त्या दिवशी डबा पुरा संपवला.

*

मुलांचं कपाट तात्यासाहेबांना फार जपावंसं वाटे. मारामारी नको, कपट नको, रक्त तर नकोच. शोधून शोधून त्यांनी एक पुस्तक काढलं, ज्यात सगळे राजे दयाळू होते आणि सगळे विहिरी खोदत होते.

परीक्षा म्हणून शाळेतल्या मुली बोलावल्या. मी पुस्तक वाचून दाखवलं. मुली शांत बसल्या होत्या. तात्यासाहेब खूश होऊन म्हणाले, "काही विचारायचंय?"

पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "सगळे राजे इतके चांगले होते, तर लढाया कोण करत होतं?"

तात्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दुसऱ्या दिवशी मुलांच्या कपाटात लढायांची दोन पुस्तकं आली. मला म्हणाले, "सुटलो बुवा. ते विहिरीचं मलाही वाचवत नव्हतं."

*

खंडेराव मार्केटच्या बाजूला राहणाऱ्या मणिबेन माझ्याकडे गोष्टींची पुस्तकं न्यायला यायच्या. मराठी छान वाचायच्या. सामान्य वाचकांच्या कपाटातलं एक चरित्र मी मुद्दाम त्यांना दिलं. आठवड्याने त्या आल्या, चेहरा उतरलेला.

"कमळाबेन, शेवटी राजा मरी गयो."

मी म्हटलं, "मणिबेन, इतिहासात शेवटी सगळेच जातात."

"तो पहिलां कहेवुं जोईए ने. मी आठ दिवस जीव लावला."

तेव्हापासून कुणालाही चरित्र देताना, शेवटी राजा मरतो, हे मी आधीच सांगून टाकू लागले. आश्चर्य म्हणजे मणिबेन मग दुसरं चरित्र घेऊन गेल्या. "आता माहीत आहे," म्हणाल्या, "आता बीक नाही, भीती नाही."

*

कपाटं लागली आणि वरून एक अधिकारी तपासणीला आले. तरुण, कडक इस्त्रीचे. सगळं पाहून झाल्यावर म्हणाले, "मला यातलं एक सुचवा."

तात्यासाहेब पेचात पडले. अभ्यासकांचं दिलं तर साहेब कंटाळणार, सोपं दिलं तर साहेबांचा अपमान. त्यांनी दोन पुस्तकं काढली. "हे जाडं आपल्यासाठी, आणि हे घरातल्या मुलांसाठी."

पंधरवड्याने जाडं पुस्तक परत आलं. तेव्हा नव्या पुस्तकांची पानं कापून मोकळी करावी लागत. याची एकही पानजोडी कापलेली नव्हती. सोबत निरोप होता: कपाटं मंजूर, मुलांचं पुस्तक अजून चालू आहे.

मी म्हटलं, "पण साहेबांचं तर अजून लग्न व्हायचंय."

"ठाऊक आहे," तात्यासाहेब म्हणाले. "म्हणून तर दोन दिली."

*

फतेगंजकडून टांग्याने एक वृद्ध बाई यायच्या, जाधवांच्या आऊसाहेब. घराणं जुन्या फौजेतलं. त्यांना वाचता येत नसे. मला म्हणाल्या, "पोरी, फौजेच्या लढायांचं ते मोठं पुस्तक मला वाचून दाखव. आमचे आजेसासरे त्यात होते."

दुपारी गर्दी नसे, तेव्हा मी वाचू लागले. लढाई आली की त्या पदर घट्ट धरून पुढे सरकत. "नाव आलं का?"

"नाही, आऊसाहेब."

"बरं. पुढे वाच."

पुस्तक संपत आलं तरी नाव येईना. मला वाईट वाटू लागलं. तात्यासाहेबांनाही कळलं. त्यांनी अभ्यासकांच्या कपाटातले आणखी दोन ग्रंथ चाळले, तिथेही नाही. शेवटचं पान वाचून मी पुस्तक मिटलं.

"आऊसाहेब, नाव कुठेच नाही. तात्यासाहेबांनी दुसऱ्या पुस्तकांतही पाहिलं."

"नक्की नाही?"

"नक्की."

त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मग माझा हात धरून हळू आवाजात म्हणाल्या, "ते लढाईच्या आदल्या दिवशीच घरी निघून आले होते. मला सासूबाईंनी सांगितलं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. आता नातवाचं लग्न ठरतंय, आणि मुलीचे वडील इतिहास वाचणारे."

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि टेबलावरच्या त्या जाड पुस्तकावर हात ठेवला.

"फार चांगलं पुस्तक आहे," म्हणाल्या. "आमचे व्याही आले की त्यांना हेच द्या."