हेझल पडते तो सिनेमा

आमच्या घोडेस्वारांत ल्युथर टिबेटच्या तोडीचा कुणी नव्हता. हॉलिवूडच्या नाक्यावर आम्ही सकाळपासून कामासाठी ताटकळायचो. पण ल्युथरला हमखास बोलावणं येई, कारण तो वायोमिंगहून स्वतःची घोडी घेऊन आला होता. हेझल. आई मेलेल्या त्या शिंगराला ल्युथरच्या बापाने, एझ्राने, बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

आमची कंपनी महाकंजूष, आठवड्यात सिनेमा उरकणारी. घोडा पाडायचा तर पुढच्या पायांना तार बांधायची, दुसरं टोक जमिनीत पक्कं रोवायचं आणि घोड्याला भरधाव सोडायचं. तार ताणली की घोडा तोंडावर आपटतो. स्वाराला ते आधीच ठाऊक असतं.

एकदा भाड्याचा घोडा लंगडला. दिग्दर्शक ल्युथरला म्हणाला, "तुझी घोडी घे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

ल्युथरने तार स्वतःच बांधली. हेझल शहाण्यासारखी एकेक पाय उचलून देत होती. मग ती भरधाव सुटली, तार ताणली आणि मान मोडून ती जागच्या जागी मेली.

घरी त्याने कळवलं, घोडी एका संत्र्याच्या बागवाल्याला दिली, मजेत आहे.

"खरं सांगून टाक लेका," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडाने सांगू?"

पण कंपनीला ते पडणं भलतंच आवडलं. फुकटात मिळतंय म्हणून तोच तुकडा त्या मेल्यांनी पुढच्या प्रत्येक सिनेमात चिकटवला. नायक बदलायचा, दरोडेखोर बदलायचे, हेझल मात्र दर खेपेला पडायची.

नाताळला ल्युथर मला त्याच्या गावी घेऊन गेला. शनिवारी म्हातारा एझ्रा म्हणाला, "चला, सिनेमा बघू." ल्युथरने डोकेदुखीचं निमित्त काढलं, पण म्हातारा ऐकेना.

हेझल पडली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. ल्युथरची मान जी खाली गेली, ती दिवे लागले तरी वर आली नाही.

बाहेर आल्यावर एझ्रा हळूच म्हणाला, "तिच्या कपाळावरचा पांढरा ठिपका मी ओळखणार नाही होय? दर शनिवारी येतो मी. ती पडली रे पडली की लगेच दुसरंच काहीतरी दाखवतात. ल्युथर, ती उठते ते कुठल्या सिनेमात आहे रे?"

ल्युथर म्हणाला, "ती उठलीच नाही, बाबा. तार बांधून पाडली तिला. मीच बांधली."

घरी पोचल्यावर ल्युथर सवयीने दाण्याची बादली घेऊन तबेल्याकडे निघाला.

"ठेव ती," एझ्रा म्हणाला. "घोड्यांचं मी बघतो."