पुढचा स्क्रू

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. पातूरजवळ आमचं वावर आहे. वडील गेल्यावर त्यांची परवान्याची रायफल दादाच्या नावावर झाली. मी तेव्हा अकोल्यात दुसऱ्याच्या लेथवर काम करत होतो. आज माझे स्वतःचे तीन लेथ आहेत, आणि ते मला कोणी दिलेले नाहीत. पण गावात गेलो की लोक दादाला ओट्यावर बसवायचे आणि मला विचारायचे, "मोटरीचं बेअरिंग आणलं काय?"

रानडुकरांनी तूर लोळवली की वनखात्याची परवानगी निघायची आणि बोलावणं दादालाच जायचं. त्याने कधी जखमी जनावर वावरात सोडलं नव्हतं. हा वडिलांचा नियम होता, कारण सकाळी त्याच वावरात बाया कामाला येतात. दादाचा मान मला खुपायचा. माझ्या कामाबद्दल त्याने जन्मात कधी चांगला शब्द काढला नव्हता.

गेल्या वर्षी त्याचे लागोपाठ दोन नेम चुकले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, डॉक्टर म्हणत होते नजर ठीक आहे, पण गावाने ठरवून टाकलं की याचा डोळा गेला. दादाही तसंच मानायला लागला. एक दिवस मला म्हणाला, "लहान्या, बंदुकीले दुर्बीण लावून पायतो. तरी नाही जमलं तर बंदूक ठाण्यात जमा करतो. आंधळ्यानं बंदूक धरू नये."

रायफलीच्या माथ्यावर पूर्वी कोणीतरी दोन छिद्रं पाडून ठेवली होती, एक पुढे, एक मागे. त्यांवर पट्टी बसते आणि पट्टीवर दुर्बीण. मागच्या छिद्राचे आटे पार गेले होते, स्क्रू नुसताच गरगर फिरायचा. आम्ही दोघे अचलपूरला बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, छिद्रात काडी घालून पाहिली आणि म्हणाले, "आठ दिन रखना पडेगा."

"दोन छिद्रांना आठ दिवस?" मी म्हणालो.

"छेद दो है, काम भी दो है."

मी आयुष्यभर घासाघीस करत आलो आहे. कोटेशन असो की भाजी, पहिला आकडा मी कधी मान्य केलेला नाही. मी आठाचे पाच दिवस केले, पाचाचे तीन, आणि मग म्हणालो, आम्ही इथेच बसतो, संध्याकाळपर्यंत करून द्या. चाचांनी रायफल फडक्यात गुंडाळली आणि दादाच्या मांडीवर ठेवली.

"भाऊसाहेब, ये भाजीबाजार नहीं है."

माझं डोकं फिरलं. "माझ्याकडं तीन लेथ आहेत, चाचा. तुमच्याकडं कानस आहे. चल दादा."

आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा ते मागून बोलले, "सामने का छेद कम गहरा है. स्क्रू दो आटे घिस लेना." मी ऐकलं. मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून हा शहाणपणा दाखवतोय.

दुसऱ्या दिवशी दादा रायफल घेऊन माझ्या कारखान्यात आला. तो स्टुलावर बसून होता आणि मी मागचं छिद्र एक माप मोठं करून नवे आटे पाडले. त्याला जुळणारा स्क्रू स्वतः लेथवर काढला. ते काम चोख झालं, आजही मी ते कोणालाही दाखवीन. पुढचा स्क्रू मात्र पट्टीसोबत आलेला होता तोच लावला. चार फेरे गेला आणि कडक झाला. चावीला जोर देऊन पाहिलं, हलेना. चाचांचं बोलणं मला आठवलं. "म्हणे दोन आटे घिस लेना," मी मोठ्याने म्हणालो आणि हसलो. दादा हसला नाही.

तो स्क्रू पट्टीला आवळत नव्हता. त्याचं टोक छिद्राच्या तळाला टेकलं होतं, म्हणून हाताला घट्ट लागत होतं. पट्टी पुढच्या बाजूने मोकळीच होती, प्रत्येक गोळीच्या धक्क्याने ती थोडी वर उचलली जाणार होती. खाली कागदाचा कपटा सरकवून पाहिला असता तरी कळलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना हे मी पहिल्या आठवड्यात शिकवतो.

गावाबाहेरच्या मुरमाच्या खदानीत दादाने तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही डब्यावर लागल्या. त्याच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत असं काही पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "आणखी दोन मारून पायतो."

"काहून? लेथवरचं काम आहे, दादा. काडतुसं मोजकी आहेत, कशाला वाया घालवतं?"

"बरं," तो म्हणाला.

आठवड्याने, तूर कापणीला आलेली असताना, सकाळी कळपातलं एक मोठं डुक्कर धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभं राहिलं. मी दादाच्या मागेच होतो. अंतर फार नव्हतं. त्याने सावकाश नेम धरला आणि गोळी झाडली. गोळी खाली, पोटात लागली. डुक्कर किंचाळलं आणि आमच्याच तुरीत शिरलं.

दादा दुर्बिणीकडे नाही, आपल्या हाताकडे पाहत राहिला. मग रस्त्याकडे वळून पाहिलं. बाया विळे घेऊन येत होत्या.

"त्याईले तिथंच थांबव," तो म्हणाला.

"दादा, जाऊ नको. वनखात्याले फोन करतो."

"थे येईस्तोवर डुक्कर कोणाले तरी फाडीन. तू बायाईकडं जाय."

मी बायांकडे गेलो. तुरीच्या आतून आधी एक गोळी ऐकू आली, मग दादाचा आवाज, मग काहीच नाही. मी धावत आत गेलो तेव्हा डुक्कर मेलेलं होतं आणि दादा शेजारी बसलेला होता. त्याची उजवी मांडी गुडघ्यापर्यंत फाटून उघडी झाली होती. तो रक्ताकडे पाहतच नव्हता. "लहान्या, मले नीट दिसलं होतं रे," म्हणाला. "बराबर दुर्बिणीतल्या फुलीवर होतं."

अकोल्याच्या दवाखान्यात दीड महिना गेला. पाय वाचला, पण गुडघा वाकत नाही. त्या दिवसांत मी पट्टी काढली. पुढच्या स्क्रूचं टोक तळाला घासून चकचकीत झालं होतं. मी तो खिशात घालून अचलपूरला गेलो, भांडायलाच गेलो होतो. चाचांनी टोकावरून अंगठा फिरवला.

"तुम्ही तेव्हा नीट बजावून का नाही सांगितलं?" मी ओरडलो. "जाता जाता पाठीमागून सांगतात काय?"

"आपने मुँह फेरा था, भाऊसाहेब. मैं किसको बोलता?" त्यांनी स्क्रू माझ्या हातात परत दिला.

माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. आठ दिवस का लागतात हे त्यांनी गिऱ्हाइकाला समजावून सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण दवाखान्यात परतलो तेव्हा दादाने ठाण्यात रायफल जमा करायच्या अर्जावर सही केलेली होती. वहिनी पायाशी बसल्या होत्या. मी खिशात हात घातला, स्क्रू बोटांना लागला.

दादा म्हणाला, "तुह्या कामात खोट नव्हती लहान्या. मी सगळ्याईले सांगतलं, माह्या भावानं एक नंबर काम केलं होतं. माह्या डोयानंच दगा देल्ला."

इतकी वर्षं मी त्या एका वाक्याची वाट पाहत होतो. मी खिशातून हात बाहेर काढला, रिकामा.

स्क्रूचं मी दादाला अजून सांगितलेलं नाही. दादा आता रस्ता एकट्याने ओलांडत नाही, मोटरसायकलला हात लावत नाही. डॉक्टरांच्या भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचून दाखवतो, पण बाहेर आल्यावर वहिनींचा दंड धरतो. मागच्या आठवड्यात आम्ही धुऱ्यावर उभे होतो. हरभऱ्याच्या पलीकडे काहीतरी काळं होतं. दादा बराच वेळ पाहत राहिला.

"लहान्या, थे डुक्कर आहे का गोटा? मले तर गोटा दिसून राहिला. तू पाय बरं."

"गोटाच आहे, दादा."

"पक्कं ना?"

"पक्कं."

त्याने मान हलवली आणि माझा हात धरून वळला.